सामानात मावेल तेवढं गाणं

नवापूर स्टेशनाच्या फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. मधल्या बाकड्यावर बसून एकाच वेळी दोन राज्यांत असल्याचा फोटो काढणारे हौशी लोक जानेवारीच्या थंडीतही भेटतात. माझ्या डब्यात मात्र त्याचं कौतुक कोणाला नव्हतं. नंदुरबारला चढलेल्या चार-पाच कुटुंबांनी दारापाशीची जागा धरली होती. गोणपाटात गुंडाळलेले कोयते, ॲल्युमिनियमची पातेली, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, पाय बांधलेली एक कोंबडी, आणि त्या साऱ्यावर गोधडीच्या तुकड्यात बांधून आडवी ठेवलेली ढोलकी. संक्रांतीला गावी जाऊन ही मंडळी पुन्हा उसावर निघाली होती. टोळ्या एरवी मुकादमाच्या ट्रकने जातात. मधेच गावी जाऊन यायचं तर गाडीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

"ढोलकी कशाला?" मी विचारलं.

बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की पातेलं कशाला असंच मी विचारलं असावं. "मंग तठे रातना काय करवो?" ती म्हणाली. मी मूळचा अमळनेरचा, त्यामुळे तिची अहिराणी मला परकी नव्हती. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

मराठी माणसाला बारडोली शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. १९२८ चा सत्याग्रह, शेतसाऱ्यातली वाढ, वल्लभभाईंचे सरदार झाले ते इथे. मी तिथे निघालो होतो वेगळ्या कारणाने. विजेवाचून वाजणारं, घरात किंवा शेतात शिकलेलं गाणं ऐकायचं तर आपण कोकणात, कच्छात, राजस्थानात जातो, जिथे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या एका जागी बसलेले असतात. मला अशी जागा पाहायची होती जिथे वाजवणारे बहुतेक बाहेरून आलेले असतात आणि काम संपलं की परत जातात. ऊसतोडीच्या हंगामात बारडोली तालुका नेमका तसा असतो.

नवापूरनंतर डोंगर मागे पडतात. सोनगड, व्यारा, मग मढी. मढीची खमणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं या लाइनीवरचे लोक सांगतात आणि ते बरोबर सांगतात. खिडकीबाहेर एव्हाना फक्त ऊस असतो. शंभर वर्षांपूर्वी इथे कापूस आणि ज्वारी होती. सत्याग्रह झाला तो कापसाच्या शेतकऱ्यांचा. तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, मग उकाईचं धरण, कालव्यांना पाणी आलं आणि शेतकऱ्यांनी कापूस मोडून ऊस लावला. बारडोलीजवळच्या बाबेनचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकातला. त्यामागोमाग आसपास इतके कारखाने उभे राहिले, की दिवाळीनंतर उभा ऊस तोडायला डांग, नंदुरबार, धुळे, साक्री, नवापूर इथून माणसं आणावी लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथेही ‘कोयता’च म्हणतात. बीडकडच्या वाचकाला हे नवं नाही.

बारडोली स्टेशनातून बाहेर पडल्यावर मळीचा वास येतो आणि मुक्काम संपेपर्यंत तो नाकातून जात नाही.

स्वराज आश्रमात मी सकाळी गेलो. झाडं, सरदारांचं राहतं घर, फोटो, शांतता. सरदारांवर तिथे भरपूर आहे आणि ते असायलाच हवं. मी शोधत होतो ते आवाज. १९२८ च्या लढ्यात ढोल आणि शंख हे प्रचाराचं साहित्य नव्हतं, ती यंत्रणा होती. जप्तीवाले अधिकारी गावाकडे येताना दिसले, की टेहळणीवरचे स्वयंसेवक ढोल बडवत, शंख फुंकत आणि साहेब वेशीत पोहोचेपर्यंत घरोघर कुलपं लागलेली असत. माणसं आत, म्हशीही आत. महिनोन्‌महिने अंधारात कोंडलेल्या म्हशी पांढऱ्या पडल्या, तेव्हा तुमच्या म्हशी आता मडमा झाल्या, अशी थट्टा वल्लभभाई सभेत करत. सरकारने बावीस टक्के वाढवलेला सारा शेवटी चौकशीनंतर सहा टक्क्यांच्या आसपास आला. त्यात ढोलाचा वाटा किती, हे कोणी मोजलेलं नाही.

वढवाणचे फुलचंदभाई शाह आपली भजनमंडळी घेऊन इथे आले होते. त्यांनी लढ्याची गाणी रचली आणि ती गावोगाव पोहोचली. चाली भजनाच्या आणि गरब्याच्या, म्हणजे बायकांना आधीच ओठांवर असलेल्या. फक्त शब्द नवे. गाणं झटपट पसरवायचं तर चाल जुनी घ्यावी, ही युक्ती आपल्याकडे सत्यशोधक जलशांनी वापरली, नंतर शाहिरांनी वापरली. फुलचंदभाई सौराष्ट्राचे, ऐकणारे पाटीदार आणि अनाविल दक्षिण गुजरातचे. म्हणजे फुलचंदभाईही बाहेरून आलेलेच. बारडोलीत ज्याचं गाणं लक्षात राहिलं तो बहुधा बाहेरचा असतो, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं.

दुपारी कडोदमार्गे हरिपुऱ्याला गेलो. रस्ता उसाच्या भिंतींतून जातो. समोरून बैलगाडी आली तर एकाला थांबावं लागतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे काँग्रेसचं एक्कावन्नावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू, त्यांची मिरवणूक एक्कावन्न बैलांच्या रथातून निघाली. तापीकाठी उभारलेल्या नगराला विठ्ठलभाई पटेलांवरून विठ्ठलनगर नाव दिलं होतं. मराठी माणसाने या गावी यावं याचं एक कारण मात्र पाठ्यपुस्तकात नाही. पंडित नारायण मोरेश्वर खरे इथे वारले.

खरे तासगावचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधीजींना आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता. विष्णु दिगंबरांनी यांना साबरमतीला पाठवलं आणि ते तिथलेच झाले. ‘आश्रम भजनावली’ त्यांनी जुळवली. तिच्यात तुकोबा आणि नरसी मेहता, मीरा आणि रवींद्रनाथ एका बाडात येतात, आणि प्रत्येकाला राग-ताल लावलेला असतो. घराण्याची तालीम घेतलेला गवई दररोज पहाटे आणि संध्याकाळी अशा लोकांकडून गाणं म्हणवून घ्यायचा, ज्यांतल्या निम्म्यांना सूर लागत नसे. यासाठी लागणारी चिकाटी मैफल गाजवणाऱ्यांत असतेच असं नाही. १९३० च्या दांडीयात्रेत खरे होते. खांद्यावर तंबोरा घेऊन पदयात्रा होत नाही. बरोबर एकतारी असायची. हरिपुऱ्याला ते अधिवेशनासाठी आले, आजारी पडले, आणि अधिवेशन भरायच्या आधीच गेले. वय पन्नाशीच्या आतलं.

त्याच अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी चित्रं काढली. हातकागदावर टेंपरा रंगात, ठसठशीत रेषेत, गावातून चालत येणाऱ्याला रस्त्यावरून दिसावीत अशी. ती प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर लावली होती. सुतार, शिंपी, कुंभार, दळणारी बाई, आणि कितीतरी वाजवणारे: ढोलवाला, शिंग फुंकणारा, तंतुवाद्य घेऊन बसलेला. त्यांतली बरीच आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. चित्रं फार सुंदर आहेत. माझी एकच कुरकुर आहे. प्रत्येक वादक आपल्या चौकटीत एकटा असतो, मागे सपाट रंग. तो कुठून आला, परत कधी जाणार, त्याच्या वाद्याचं चामडं कोणी मढवलं, हे काही नाही. मला या तालुक्यात एकटा वाजवणारा कुठेच भेटला नाही.

गावातल्या एका आजोबांना मी खऱ्यांविषयी विचारलं. त्यांना नेताजींचा रथ माहीत होता, बैल कोणकोणत्या गावांनी दिले यावर त्यांची ठाम मतं होती. "अने गायक?" ते म्हणाले. "गायक तो घणा आव्या हशे."

बारडोलीला परतल्यावर पात्रा खाल्ली. अळूवडीला इतकं मऊ ठेवून इतकं तिखट कसं करतात ते मला कळत नाही. मग औद्योगिक वस्तीमागच्या चाळीत खानदेशी भजनी मंडळाकडे गेलो. दोंडाईचा, शिंदखेडा, पारोळा इथली ही मंडळी कापड कारखान्यांत आणि साखर कारखान्यात कामाला आहेत. काहींची दुसरी पिढी इथेच जन्मली. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीला खानदेशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत, त्यांचीच ही लांबलेली शेपटी. दहा बाय बाराची खोली, एक पेटी, एक मृदंग, टाळांचे सहा जोड. पेटीवाले आप्पा दिवसा मापाड्याचं काम करतात.

"ही मना बापनी पेटी शे," त्यांनी बसताबसताच सांगून टाकलं. बापाने ती धुळ्याला घेतली होती, आप्पांनी ती गाडीत मांडीवर ठेवून आणली. एक सूर अडकतो. तो स्वर आला की आप्पा भाता जरा जोराने दाबतात आणि टाळकरी तेवढ्यापुरते टाळ वाढवतात. ही सवय इतकी मुरली आहे, की पेटी दुरुस्त झाली तर चाल चुकेल अशी मला शंका आली. त्यांनी काकडा म्हटला, गौळण म्हटली, मग ‘जरा इथलंही’ म्हणून एक गुजराती भजन घेतलं. ते कुठे शिकलात, असं विचारलं तर शेजारच्या चाळीतल्या सौराष्ट्राच्या कारागिरांकडे बोट गेलं. त्यांच्याकडे डायरो, म्हणजे भजन-गाण्यांची बैठक, होतो, रामसागर, मंजिरा आणि बेंजो घेऊन. हा बेंजो म्हणजे आपल्या मुंबईच्या गणपतीतला, कळा दाबून वाजवायचा. त्याचा पूर्वज १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालेला ‘ताइशोगोतो’. जपानी वाद्य, काठेवाडी भजन, ते उचलणारा धुळ्याचा पेटीवाला. आणि याला आपण ‘मातीतलं संगीत’ म्हणतो. कोणत्या मातीतलं, हा प्रश्न बारडोलीत विचारू नये.

श्रावणात या चाळीत कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट होतात, आणि त्या रात्री गाणं बायकांचं असतं. मृदंग कोपऱ्यात उभा. आप्पांच्या मंडळी म्हणाल्या, "आम्हले पेटी लागत नही." आप्पांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

इथले मूळचे कोण, हा प्रश्न उरतोच. शेतमजुरी पिढ्यान्‌पिढ्या केली ती हळपतींनी. कर्जापोटी मालकाच्या घरी जन्मभर बांधलेला ‘हाळी’ तो हाच समाज. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत यांचे पुरुष घेरैया होतात: साडी-चोळी, अंगावर बायकांचे दागिने, एका हातात दांडा, एका हातात मोरपिसं, आणि दारोदार गरबा. पुढे सांगणारा ‘कवियो’, मागे झेलणारे बाकीचे. मी जानेवारीत गेलो होतो, त्यामुळे पाहायला मिळाले फक्त एका मोबाइलवरचे व्हिडिओ आणि एका म्हाताऱ्याने बसल्याजागी करून दाखवलेला मुरका, जो व्हिडिओपेक्षा सरस होता. हळपतींकडे, धोडियांकडे तूर असतो, लांबोडका ढोल, आणि त्याच्या जोडीला काठीने वाजवायची थाळी. तूर-थाळी लग्नातही वाजते, मरणातही.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं, तेव्हा त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. दारात हळपती मजूर रिकामा बसलेला असताना कारखाने तोडीसाठी डांग-खानदेशातून माणसं आणतात. बाहेरचा मजूर उचल घेऊन आलेला असतो, त्याला जायला जागा नसते, तो रात्री-अपरात्री हाकेला येतो. ब्रेमन यांनी हे मजुरीच्या अंगाने मांडलं. गाण्याच्या अंगाने त्याचा अर्थ असा, की अर्ध्या मैलाच्या अंतरावर दोन समाज थाळी वाजवतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. मी हळपतीवाड्यातल्या त्या म्हाताऱ्याला विचारलं, ऊसतोड टोळ्यांच्या पडावावरची थाळी ऐकलीत का? "ए लोको?" एवढंच म्हणून त्याने मान फिरवली.

पडाव म्हणजे उसाच्या शेताजवळ किंवा रस्त्याकडेला टाकलेली टोळीची वस्ती. बांबूच्या कमानीवर प्लॅस्टिक, आत वाकून शिरायचं. दिवा नाही, नळ नाही. चुलीवर खावटीच्या ज्वारीच्या भाकरी. मी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि एका ब्लूटूथ स्पीकरवर टिमली चालू होती. व्यारा-नवापूरकडच्या बँडची ती दणकेबाज चाल. लग्नात ट्रकवर चढवलेले स्पीकर, ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड घेऊन हे बँड गावोगाव फिरतात. नीट कान दिला तर की-बोर्डवरचा माणूस सूर सतत थोडा वर-खाली सरकवतो आहे आणि मधे श्वासाला थांबतच नाही. तो पावरी या फुंकवाद्याची नक्कल करतो आहे. शहरातले जाणकार असल्या गोष्टीला नाक मुरडतात. मला तर वाटतं, विजेच्या वाद्यावर बसून ज्याला पावरी आठवते, त्याच्या कानाला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

स्पीकरची चार्जिंग संपली, तेव्हा ढोलकी निघाली. रेल्वेतली ती बाई या पडावावर नव्हती, पण ढोलक्या दोन होत्या. बायकांनी आधी गाणी म्हटली, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी परत करायची. पोरं कडेवर, एकीच्या हातात भाकरी थापायचं पीठ. मग डांगकडच्या एका काकांनी खोपीतून कापडात गुंडाळलेली काशाची थाळी आणली. जेवायची वेगळी, ही वेगळी. थाळीच्या मध्यावर त्यांनी मधमाशीच्या मेणाने एक बारीक, सरळ काडी उभी चिकटवली, आणि दोन बोटांच्या चिमटीत काडी धरून ती वरून खाली ओढू लागले. हळपतींच्या थाळीवर टोला पडतो. इथे थाळी गुणगुणते. एकच अखंड षड्‌ज, थरथरणारा, कुठून येतो ते न कळणारा. त्यावर काका कथा सांगू लागले. रामाचीच कथा, पण कुंकणा लोकांची. यातला राम डांगच्या रानात फिरतो. दोन साथीदार प्रत्येक ओळीअखेर हुंकार भरत आणि मधेच थट्टा करत. डाह्याभाई वाढू यांनी ही कुंकणा रामकथा गोळा करून पुस्तकात आणली आहे. पुस्तकात हुंकार येत नाहीत.

खऱ्यांचा तंबोरा जे काम करत असे तेच ही थाळी करते. तंबोऱ्याला पेटी लागते, गवसणी लागते, डब्यात जागा लागते. काशाची थाळी गोधडीच्या घडीत जाते. चार्ली पॅटनसारखा गवई मिसिसिपीच्या डॉकरी मळ्यावर कापूस वेचणाऱ्यांमध्ये गिटार वाजवायचा. ते गिटारही खांद्याला अडकवून एका मळ्यावरून दुसऱ्यावर जाण्यासारखं होतं. १९२९ मध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. बारडोलीच्या पडावावर तबकडीवाले कधी आले नाहीत.

"काका, पावरी नाही आणली?" मी विचारलं. माझी उत्सुकता तिच्यावरच होती. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे शिंगासारखा कर्णा, सांधे मेणाने भरलेले, वर मोरपिसं. वाजवणारा गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही.

"ट्रकात फुटेल ना दादा," एक तरुण पोरगा मधेच बोलला. काकांनी त्याला हाताने थांबवलं. फुटेल हे खरं, ते म्हणाले, पण फुटणार नसती तरी आणली नसती. पावरी देवाची असते. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती वाजते, माउलीपुढे वाजते. इथे कुठला डोंगर?

मी चारी बाजूंना पाहिलं. सपाट ऊस.

"मग मार्गशीर्षात मी डांगला येतो," मी म्हणालो. "डोंगऱ्यादेव मार्गशीर्षातच ना?"

काका हसले. बाकीचेही हसले, आणि कशाला हसताहेत ते मला क्षणभराने कळलं. मार्गशीर्षात हे सगळे बारडोलीत असतात. दिवाळी झाली की टोळी निघते आणि उत्सवाच्या वेळी गावात म्हातारे आणि पोरं उरतात. मग पावरी कोण वाजवतं? काकांनी हिशेब सांगितला. त्यांच्या पाड्यावर चार घरं मिळून एक माणूस मागे ठेवतात. तो उसावर येत नाही. त्याची उचल बुडते, ती चौघं थोडी थोडी भरून देतात; पैशाने जमलं नाही तर पावसाळ्यात त्याच्या शेतात एकेक दिवस राबून. यंदा मागे राहिला तो काकांचा पुतण्या. वाजवतो कसा?

"शिकतोय," काका म्हणाले. "दम कमी पडतो. पण त्याचं लगीन व्हायचंय, म्हणून घरीच थांबायला तयार असतो. एकदा जोडी झाली की तोही कोयता होणार. मग दुसरा बघायचा."

तेवढ्यात मुकादम बॅटरी मारत आला. कारखान्याचा ट्रक लवकर येणार होता, भरणीला आठ जण हवे होते. काकांनी नखाने मेण खरवडून डबीत भरलं, काडी कानावर खोचली, थाळी आत ठेवली. "होळीला या," निघताना ते म्हणाले. "आहव्याला डांग दरबार भरतो. राजे येतात, पाळणे येतात, आम्हीपण येतो. अंथरूण-पांघरूण तुमचं आणा, आमच्याकडं जास्तीचं नाही."